‘खडाष्टक’ : एका घरगुती शब्दाचा इतिहास

प्रस्तावना

दोन माणसांमधील कटुता सांगण्यासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. भांडण, तंटा, कज्जा, कलागत, तेढ, वितुष्ट, बेबनाव असे अनेक शब्द नित्य वापरात आहेत. त्यांपैकी ‘कज्जा’ हा अरबी मुळाचा शब्द न्यायदरबाराच्या व्यवहारातून आला, ‘बेबनाव’ने फारसी उपसर्ग धारण केला, तर ‘वितुष्ट’ संस्कृताचा पेहराव सांभाळून आहे. या मेळ्यात ‘खडाष्टक’ हा शब्द निराळा उठून दिसतो. तो ग्रांथिक नाही. गंभीर वैचारिक लेखनात तो क्वचितच योजला जातो आणि योजला गेला तर त्यामागे किंचित हसू असते. सासू-सुना, जावा-जावा, शेजारी-शेजारी, कार्यालयातील वरिष्ठ व त्याचा हाताखालचा मनुष्य यांच्यातील रोजची धुसफूस सांगताना तो सहज तोंडी येतो. अशा बोलभाषेतील शब्दाला इतिहास असतो याची जाणीव सहसा ठेवली जात नाही. प्रस्तुत लेखात या शब्दाचा उगम, त्याचा प्रवास आणि त्याने आपल्याबरोबर आणलेली भांडणाविषयीची एक विशिष्ट कल्पना यांचा परामर्श घेतला आहे.

पत्रिकेतील सहा आणि आठ

‘खडाष्टक’ हा ‘षडाष्टक’ या शब्दाचा अपभ्रंश होय आणि ‘षडाष्टक’ ही फलज्योतिषातील, नेमकेपणाने सांगायचे तर विवाहमेलनातील, एक संज्ञा आहे. वधूवरांच्या जन्मकाळी चंद्र ज्या राशीत असेल ती त्यांची रास. वराच्या राशीपासून वधूच्या राशीपर्यंत, दोन्ही टोके धरून, मोजले असता सहा आणि उलट मोजले असता आठ अशी संख्या आली (किंवा आधी आठ व मग सहा) की त्या दोन राशींचे षडाष्टक झाले. मेषेपासून कन्या सहावी, कन्येपासून मेष आठवी. कुंडलीत सहावे स्थान शत्रूचे व रोगाचे, आठवे मृत्यूचे; त्यामुळे परस्परांपासून सहाव्या-आठव्या पडलेल्या राशींचा योग अशुभ ठरला.

विवाहमेलनाच्या प्रचलित पद्धतीत वर्ण, वश्य, तारा, योनी, ग्रहमैत्री, गण, भकूट आणि नाडी अशी आठ कूटे पाहतात. त्यांना अनुक्रमे एक ते आठ गुण असून एकूण बेरीज ३६ होते. षडाष्टकाचा विचार यांतील भकूट किंवा राशिकूट या सातव्या कूटात येतो आणि तो दोष निघाला की या कूटाचे सातही गुण जातात. राम दैवज्ञ याने इ. स. १६०० मध्ये काशी येथे रचलेल्या ‘मुहूर्तचिंतामणि’ या ग्रंथाच्या विवाहप्रकरणात ही कूटे आली आहेत. पुढील काळातील पंचांगकर्त्यांनी व भिक्षुकांनी विवाहविषयक निर्णयांसाठी या ग्रंथाचा मोठा आधार घेतला.

येथे थोडे गणित करून पाहणे उद्बोधक ठरते. बारा राशींच्या वधूवरांच्या जोड्या एकूण १४४ होतात. प्रत्येक राशीला एक सहावी व एक आठवी रास असल्याने त्यांपैकी २४ जोड्या षडाष्टकाच्या निघतात. म्हणजे राशींची विभागणी सारखी मानली तर दर सहा स्थळांत एक स्थळ केवळ या कारणाने अडणार. त्यात द्विर्द्वादश आणि नवपंचम या दोन दोषांच्या प्रत्येकी २४ जोड्या मिळवल्या की ७२ जोड्या, म्हणजे बरोबर निम्म्या, राशिकूटात नापास होतात. मुलीच्या विवाहाचे वय हातून निसटू नये या चिंतेत असलेल्या समाजाला असा नियम शब्दशः पाळणे परवडणारे नव्हते. शास्त्रकारांना याची कल्पना असावी, कारण नियमाबरोबर परिहारही आले. दोन्ही राशींचा स्वामी एकच असेल किंवा स्वामींमध्ये मैत्री असेल तर ते ‘प्रीतिषडाष्टक’ आणि ते चालते. एरवी ते ‘मृत्युषडाष्टक’ आणि ते वर्ज्य. मेष-वृश्चिक या दोहोंचा स्वामी मंगळ, वृषभ-तुला या दोहोंचा शुक्र. म्हणून या जोड्या सुटल्या. मिथुन-मकर, कर्क-धनु, सिंह-मीन, कन्या-कुंभ याही सुटल्या. मेष-कन्या, वृषभ-धनु, मिथुन-वृश्चिक, कर्क-कुंभ, सिंह-मकर आणि तुला-मीन या मात्र अडकल्या. बारा जोड्यांपैकी सहा इकडे, सहा तिकडे. शास्त्राने अर्धे दार उघडे ठेवले असे म्हणता येईल. उरलेले अर्धे दार उघडण्याचे काम दक्षिणेवर आणि यजमानाच्या निकडीवर सोपवले गेले.

बोलीने मात्र या दोन षडाष्टकांतील भेद राखला नाही. ‘प्रीतिखडाष्टक’ असा शब्द बोलण्यात आढळत नाही. जे शिल्लक राहिले ते वर्ज्य षडाष्टकच. फक्त त्यातील मृत्यू वगळला गेला आणि भांडण उरले.

‘ष’चा ‘ख’ कसा झाला

या शब्दाच्या रूपात त्याच्या प्रवासाची खूण शिल्लक आहे. संस्कृत ‘ष’ प्राकृतामार्गे मराठीत येतो तेव्हा त्याचा सामान्यतः ‘स’ होतो. ‘षट्’चे ‘सहा’ झाले, ‘षोडश’चे ‘सोळा’ झाले. ‘षष्ठी’पासून बाळाच्या जन्मानंतर सहाव्या दिवशी कपाळी ललाटरेषा लिहिणारी ‘सटवी’ किंवा ‘सटवाई’ झाली आणि मार्गशीर्षातील चंपाषष्ठीला खंडोबाचे भक्त ‘सट’ म्हणू लागले. हा लोकव्यवहाराचा मार्ग आहे. ‘षडाष्टक’ या मार्गाने आले असते तर त्याचा आरंभ ‘स’ने झाला असता.

तसे झाले नाही, कारण ‘ष’चा ‘ख’ हा उच्चार पोथीच्या वाटेने येतो. शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेत ‘ष’चा उच्चार अनेक ठिकाणी ‘ख’ असा करण्याची परंपरा आहे आणि महाराष्ट्रातील यजुर्वेदी ब्राह्मण बहुतांशी याच शाखेचे. ‘पुरुष’चे ‘पुरुख’ असे पठण त्यांच्याकडे अशुद्ध मानले जात नाही. उत्तर भारतात तर ही प्रवृत्ती इतकी व्यापक होती की जुन्या हस्तलिखितांत ‘ख’ लिहिण्यासाठी सर्रास ‘ष’ हे अक्षर वापरलेले दिसते. मराठीतही ‘पाषंड’चे ‘पाखंड’ झाले, ‘आषाढ’चे ‘आखाड’ झाले, जुन्या मराठीत ‘विष’चे ‘विख’ झाले. हिंदीतील ‘खटराग’ हा शब्द तर खडाष्टकाचा सख्खा भाऊ शोभावा. मुळात तो ‘षट्राग’, म्हणजे संगीतातील सहा राग. बोलीत त्याचा अर्थ झाला नसती उठाठेव, झंझट. शास्त्रातील संख्यावाचक संज्ञा बोलीत उतरताना उपद्रवाचे नाव घेऊन उतरते, याचे हे दुसरे उदाहरण.

यावरून असे अनुमान करता येते की ‘खडाष्टक’ हा शब्द लोकांनी वाचला नाही, तर ऐकला. आणि ज्याच्या तोंडून ऐकला तो पोथी वाचणारा होता. बलुतेदारीच्या व्यवस्थेत ग्रामजोशी हा गावाचा वतनदार असे. पंचांग सांगणे, मुहूर्त काढणे, लग्ने लावणे ही त्याची कामे होती आणि त्याच्या हक्काचा संबंध केवळ ब्राह्मण घरांशी नव्हता. कुणबी, माळी व इतर जातींच्या घरांतील कार्येही त्याच्याकडे असत. महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केल्यानंतर भटाविना लग्ने लावण्याचा जो उपक्रम झाला त्यावरून ग्रामजोश्यांच्या हक्कांचे वाद न्यायालयापर्यंत गेले, यावरून त्या हक्काची व्याप्ती ध्यानी येते. कुळवाडी घरात जन्मवेळेची नोंद नसे. तेथे नावाच्या आद्याक्षरावरून रास धरत. मोजणी जोशी करी. घरच्यांच्या कानावर पडे तो निकाल : ‘खडाष्टक आहे, जमायचे नाही.’ सहा कोठून मोजले व आठ कोठून मोजले हे त्यांना ठाऊक असण्याचे कारण नव्हते. त्यांच्या लेखी ते एका न जमणाऱ्या गोष्टीचे नाव होते.

संस्कृतच्या दृष्टीने पाहता ‘षडाष्टक’ हे रूपही निर्दोष नाही. षट् आणि अष्टक यांचा संधी ‘षडष्टक’ असा व्हावयास हवा. ग्रंथांतून ‘षट्काष्टक’ असेही रूप येते. त्यातील दीर्घ ‘का’ आणि ‘षडष्टक’मधील ‘ड’ यांची सरमिसळ होऊन मराठीतील रूप बनले असावे. अपभ्रंश भिक्षुकाच्या ओटीवरच सुरू झाला होता. त्याचा सगळा दोष यजमानाच्या माथी मारणे योग्य नव्हे.

बोलीत रुळल्यावर या शब्दाला नवे सोयरे मिळाले. ‘खडा’ म्हटले की मराठी कानाला दुधात पडलेला मिठाचा खडा आठवतो, ‘खडाजंगी’ आठवते, ‘खडसावणे’ आठवते. यांपैकी एकाशीही ‘षडाष्टका’चे रक्ताचे नाते नाही. ‘अष्टक’ म्हटले की मंगलाष्टक आठवते. लग्नात मंगलाष्टके आणि लग्नानंतर खडाष्टक, ही कोटी करण्याचा मोह मराठी विनोदाला कधी आवरला नाही. शं. प. जोशी यांच्या विनोदी संगीत नाटकाचे नावच ‘खडाष्टक’ आहे. मूळ अर्थ विसरला गेला तरी लग्नाचा वास शब्दाला चिकटून राहिला, तो असा.

याच संदर्भात ‘छत्तीसचा आकडा’ या वाक्प्रचाराचा उल्लेख करावा लागतो. देवनागरीत ३ आणि ६ हे अंक एकमेकांकडे पाठ करून बसतात म्हणून ३६ हे वैराचे चिन्ह. उलट ६३ मध्ये ते समोरासमोर येतात. गंमत अशी की पत्रिकेत ३६ गुण जुळणे हे मेलनाचे शिखर. एकाच संख्येने पत्रिकेत पूर्ण मीलन सुचवावे आणि पाटीवर पूर्ण वैर, अशी विसंगती भाषा खपवून घेते. पत्रिकेचा हिशोब आणि बोलीचा हिशोब निरनिराळ्या घरी मांडला जात होता, एवढाच त्याचा अर्थ.

कर्ता नसलेले भांडण

शब्दाच्या वापराकडे पाहिले तर एक गोष्ट ठळकपणे जाणवते. भांडण ‘करता’ येते, तंटा ‘उकरून काढता’ येतो, कळ ‘लावता’ येते. खडाष्टक करता येत नाही. ते असते, पडते किंवा उडते. ‘त्यांचे खडाष्टक आहे’ असे म्हणतात. ‘त्याने तिच्याशी खडाष्टक केले’ असे कोणी म्हणत नाही. या शब्दाला दोन माणसे लागतात, पण कर्ता लागत नाही. भांडण ही घटना आहे, तिला दिवस-वार असतो. खडाष्टक ही स्थिती आहे आणि तिला आरंभ शोधावा असे कोणाला वाटत नाही.

याचे मूळ पत्रिकेतच आहे. षडाष्टकात मेष वाईट नसते आणि कन्याही वाईट नसते. दोघींचे इतरांशी उत्तम जमू शकते. वाईट असते ते त्यांच्यामधील अंतर. चंद्र एका राशीत सुमारे सव्वादोन दिवस असतो. जन्म दोन दिवस अलीकडे-पलीकडे झाला असता तर प्रश्नच उद्भवला नसता. म्हणजे या संज्ञेने असे गृहीत धरले की काही माणसांचे न पटणे हे त्यांच्या वागण्याआधीच ठरलेले आहे आणि त्यात कोणाचाही अपराध नाही. शब्द पत्रिकेतून स्वयंपाकघरात आला तेव्हा ही कल्पना त्याच्याबरोबर आली. साडेसाती, अवदसा, एखाद्याचे ‘वक्री होणे’ हे ज्योतिषातून आलेले इतर शब्दही दोष ग्रहांवर ढकलतात. परंतु ते एका माणसाची स्थिती सांगतात. दोन माणसांमधील नात्याची स्थिती सांगण्याचे काम खडाष्टकाकडे आले.

एकत्र कुटुंबात हा शब्द उपयोगी पडला असला पाहिजे. सासू व सून एकाच चुलीपाशी वीस-पंचवीस वर्षे काढणार, वेगळे निघण्याची सोय नाही, अशा स्थितीत त्यांचे न पटणे बाहेर सांगताना कोणाची बाजू घेणे नातेवाइकांना परवडत नसे. ‘त्या दोघींचे पहिल्यापासून खडाष्टक’ एवढे म्हटले की सांगणारी मोकळी होई आणि दोघींपैकी कोणीही रागावत नसे. शब्दातील किंचित विनोदाने धगही कमी होई. ज्या समाजात तोंड देऊन बोलण्याची मुभा फारशी नव्हती तेथे अशा निर्दोष शब्दाचे मोल कमी लेखता येत नाही.

परंतु हाच निर्दोषपणा अनेकदा अन्यायाच्या बाजूने उभा राहिला. जेथे एक मारणारा व एक मार खाणारा असतो, एक हुंड्यासाठी छळणारे घर आणि एक छळ सोसणारी सून असते, तेथेही ‘खडाष्टक’ म्हटले गेले की दोघांचा वाटा समसमान होतो. सहा इकडून, आठ तिकडून. १९६१ च्या हुंडाप्रतिबंधक कायद्याने आणि विशेषतः १९८३ मध्ये भारतीय दंडसंहितेत घातलेल्या ४९८-अ या कलमाने (१ जुलै २०२४ पासून ही तरतूद भारतीय न्याय संहितेच्या ८५ व ८६ या कलमांत आहे) घरातील छळाला गुन्ह्याचे स्वरूप दिले. गुन्हा म्हटला की कर्ता आला. कायदा ‘कोणी केले’ असे विचारतो आणि घर ‘त्यांचे पटतच नव्हते’ असे उत्तर देते. या दोन वाक्यांच्या व्याकरणातील अंतर हे केवळ भाषेचे अंतर नाही. त्यापायी तक्रार नोंदवायची की समजूत घालून परत पाठवायची, हे ठरत आले आहे.

इतिहासलेखनातील खडाष्टक

हा शब्द घराबाहेर पडून सार्वजनिक जीवनात आला, हे वृत्तपत्रांचे काम. मंत्री आणि सचिव, प्रशिक्षक आणि खेळाडू, एकाच पक्षातील दोन नेते यांच्यातील संघर्षाला ‘खडाष्टक’ म्हणणे मथळ्याला सोयीचे असते : शब्द आटोपशीर आहे आणि कोणावर आरोप करीत नाही. वार्ताहराची अडचण समजण्यासारखी आहे. इतिहासाच्या अभ्यासकाला मात्र ही सवलत घेता येत नाही.

‘शिंदे आणि होळकर यांचे खडाष्टक होते’ अशा धर्तीचे वाक्य मराठी वाचकाला परके वाटत नाही. त्या वाक्यात दोन घराण्यांच्या जणू राशीच जुळत नव्हत्या असा ध्वनी आहे. घटनाक्रम पाहता वेगळे दिसते. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात मल्हारराव होळकरांचा पुत्र खंडेराव मारला गेला. मल्हारराव सूड घेण्यास पेटले असता जयाप्पा शिंदे यांच्या मध्यस्थीने सूरजमल जाटाशी तह झाला. ती जखम राहिली. पुढे उत्तर हिंदुस्थानातील सत्ता व वसुली यांत कोणाचा वाटा किती, हा प्रश्न महादजींच्या वाढत्या बळाबरोबर तीव्र झाला आणि १७९३ मध्ये लाखेरी येथे शिंद्यांच्या कवायती पलटणींनी तुकोजी होळकरांच्या फौजेचा पराभव केला. १७९७ मध्ये तुकोजींच्या मृत्यूनंतर वारसाचा तंटा उभा राहिला. दौलतराव शिंद्यांनी काशीरावाचा पक्ष धरून पुण्यात दुसऱ्या मल्हाररावावर हल्ला केला, त्यात तो मारला गेला. एप्रिल १८०१ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने विठोजी होळकरास हत्तीच्या पायी दिले. त्याच वर्षी जुलैत यशवंतरावांनी उज्जैनीजवळ शिंद्यांच्या सैन्याचा पराभव केला, तर ऑक्टोबरात शिंद्यांच्या फौजेने इंदूर लुटले. २५ ऑक्टोबर १८०२ रोजी हडपसरला यशवंतरावांनी शिंदे व पेशवे यांच्या संयुक्त सैन्याचा मोड केला आणि ३१ डिसेंबरला बाजीरावाने इंग्रजांशी वसईचा तह केला. या मालिकेतील प्रत्येक पायरीला कर्ता आहे, हेतू आहे, टाळता येण्याजोगा पर्याय आहे. ‘खडाष्टक’ हा शब्द हे सगळे पुसून टाकतो आणि मराठेशाहीच्या अखेरीस एक प्रकारचे ग्रहमान बहाल करतो.

टिळक आणि आगरकर यांच्या बाबतीतही हेच. आगरकर १८८७ मध्ये ‘केसरी’तून बाहेर पडले, १८८८ मध्ये त्यांनी ‘सुधारक’ काढला. टिळकांनी १८९० मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. सामाजिक सुधारणेसाठी कायद्याचा आधार घ्यावा की नाही आणि संस्थेच्या आजीव सदस्यांनी त्यागाची मर्यादा कोठे आखावी, हे त्यांच्यातील वाद होते. एकेकाळचे जिवलग मित्र विचारांनी दुरावले. ज्यांचे मुळात जमले होते त्यांच्या दुराव्याला ‘खडाष्टक’ म्हणणे शब्दार्थानेही चूक ठरते.

आजची स्थिती

संगणकावर काढलेल्या पत्रिकांत भकूटासमोर शून्य गुण दाखवून त्याखाली ‘षडाष्टक दोष’ असे छापलेले असते. मोजणी यंत्र करते. परिहारही तेच सांगते. ती पत्रिका हाती घेतलेल्या आई-वडिलांना ‘षडाष्टक’ हा शब्द नवा व भारदस्त वाटतो. दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात दोन नेत्यांचे ‘खडाष्टक’ ते हसत वाचतात. हा शब्द आणि तो शब्द एकच, हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. लेखी ‘षडाष्टका’ने आपला मृत्यू जपून ठेवला आहे आणि बोलीतील ‘खडाष्टका’ने आपले हसू, दोघांचा संसार आता स्वतंत्र झाला आहे.